कोर्टाची पायरी

पाकीट खिडकीचं होतं, विजेच्या बिलासारखं, म्हणून मी ते न उघडताच फ्रीजवर टाकलं. दोन दिवसांनी नवऱ्याने उघडलं आणि स्वयंपाकघरातूनच ओरडला, "अगं, तुला ज्युरीचं समन्स आलंय. नोव्हेंबरात जायचंय."

ही गोष्ट २०२१ च्या ऑक्टोबरातली. आम्ही प्लिमथला राहतो, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या पश्चिमेला. काउंटी हेनेपिन, म्हणजे जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाचा खटला जिथे चालला तीच. नागरिकत्व घेऊन मला तीन वर्षं झाली होती. मत एकदा दिलं होतं, तेही करोनामुळे टपालाने. कर सोडला तर या देशाने माझ्याकडे तोवर काही मागितलं नव्हतं.

सांगलीला फोन केला तेव्हा बाबांना सांगितलं. ते हसले. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आणि ज्युरी? ती नानावटीबरोबर गेली ना?" त्यांच्या पिढीला ज्युरी म्हटलं की तेवढंच आठवतं: १९५९ साल, मुंबई, नौदलातला रुबाबदार अधिकारी, खुनाच्या आरोपातून आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष, आणि तो निकाल न मानता प्रकरण हायकोर्टाकडे धाडणारे न्यायाधीश. मी म्हटलं, इथे अजून आहे. "मग कामाचं काहीतरी कारण सांग. मी एकदा पंच झालो होतो. तेवढं पुरे आहे घराण्याला." पुढे ते पावसाबद्दल बोलायला लागले. मीही विचारलं नाही.

कारण सांगता आलं असतं. पण मला जायचं होतं, आणि त्याचं मूळ एप्रिलमध्ये होतं.

फ्लॉइड या काळ्या माणसाची मान गुडघ्याखाली दाबून धरणारा गोरा पोलिस म्हणजे डेरेक शॉविन. त्याचा खटला टीव्हीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवला. मिनेसोटात फौजदारी खटला असा अख्खा दाखवण्याची ती पहिलीच वेळ. मी घरूनच काम करत होते, एका कानात मीटिंग आणि दुसऱ्या कानात साक्षी. फुप्फुसांचे डॉक्टर मार्टिन टोबिन यांनी श्वास कसा कोंडतो ते समजावताना ज्युरीला आपापल्या मानेवर हात ठेवून बघायला सांगितलं. न्यायाधीशांनी लगेच स्पष्ट केलं, तसं करणं सक्तीचं नाही. मी मात्र जेवणाच्या टेबलाशी बसून मान चाचपत होते. समोर लॅपटॉपवर कुणीतरी पंपाच्या झडपेबद्दल बोलत होतं.

२० एप्रिलला निकाल आला. बारा जणांनी दोन दिवसांत मिळून दहाएक तास चर्चा केली होती. तीनही आरोपांत दोषी. जूनमध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या संध्याकाळी आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे सुरू झालं ते गणपतीच्या वर्गणीवरूनही कधी झालं नव्हतं. एक गट म्हणाला, झाला न्याय, आता पुरे, दुकानं जाळणाऱ्यांचं काय? दुसऱ्या गटात बहुतेक आमची इथे वाढलेली मुलं. ती इंग्रजीत लिहीत होती आणि आईबाप मराठीत उत्तर देत होते. कुणीतरी आठवण करून दिली की फ्लॉइड गेल्यानंतरच्या दंगलीत जळालेल्यांत एका बांगलादेशी कुटुंबाचं हॉटेलही होतं, आणि त्याचा मालक म्हणाला होता, इमारत जळू दे, न्याय झाला पाहिजे. त्यावर दुसऱ्याने लिहिलं, "विमा असेल." 'कृष्णवर्णीय' हा शब्द आम्ही फक्त लिहिताना वापरतो. बोलताना काय म्हणतो ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मुलांनी त्या रात्री नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

सगळ्यात जास्त पुढे गेलेला मेसेज म्हणजे 'एक नासका आंबा'. अमेरिकन लोक हेच सफरचंदाचं सांगतात. मला गंमत वाटली, कारण आपल्याकडे ही म्हण आंब्यावर थांबत नाही, अढीपर्यंत जाते. माझी नोकरी वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता तपासणीत आहे. एखादा नग बिघडलेला सापडला की तो फेकणं हे पाच मिनिटांचं काम. पुढचे तीन महिने आम्ही अढी तपासत असतो: कुणी शिकवलं, कुणी सही केली, आधीची तक्रार कुठल्या फाइलीत झोपली आहे. हे मी ग्रुपवर लिहिलं. कुणीतरी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि विषय पुढे गेला.

निकालानंतर राज्याचे महाधिवक्ता कीथ एलिसन म्हणाले होते की याला मी न्याय म्हणणार नाही, ही अकाउंटेबिलिटी आहे, न्यायाकडे जाणारी पहिली पायरी. ते भाषण ऐकताना मुलीने विचारलं, या शब्दाला मराठीत काय म्हणतात? मी 'उत्तरदायित्व' म्हणाले. तिचा चेहरा बघून मलाच तो शब्द सरकारी वाटला. नवरा म्हणाला, "जाब. जाब द्यावा लागणं." हा शब्द तिला लगेच कळला. घरात तिला रोजच द्यावा लागतो.

जाबाचं आमच्या भागात तोवर काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. २०१६ मध्ये फिलँडो कॅस्टील या काळ्या माणसाला गाडीत बसलेला असताना गोळ्या घातल्या गेल्या. तो पोलिस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. २०१७ मध्ये जस्टिन डेमंड या गोऱ्या ऑस्ट्रेलियन बाईने घरामागच्या गल्लीत कुणी बाई संकटात आहे असं वाटून स्वतःच पोलिसांना बोलावलं. ती गाडीजवळ आली, तर आत बसलेल्या मोहम्मद नूर या सोमाली-अमेरिकन पोलिसाने तिला गोळी घातली. दोघा पोलिसांचे बॉडी कॅमेरे त्या क्षणी बंद होते. नूर २०१९ मध्ये दोषी ठरला, साडेबारा वर्षं. ड्यूटीवर असताना केलेल्या खुनासाठी शिक्षा झालेला अलीकडच्या काळातला या राज्यातला तो पहिला पोलिस. पहिला कोण, तर काळा, मुसलमान, स्थलांतरित. आणि मेली कोण, तर गोरी बाई. सोमाली लोक हे तेव्हापासून बोलत होते, आम्ही ऐकलं नव्हतं. माझं समन्स यायच्या महिनाभर आधी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नूरचा खुनाचा गुन्हा रद्द केला. ते कलम एकाच माणसावर रोखलेल्या कृत्याला लागू होत नाही, असं म्हटलं. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा तेवढा राहिला आणि शिक्षा पावणेपाच वर्षांवर आली. नूर योग्य सुटला की अयोग्य, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण 'काळ्यांच्या बाजूने' आणि 'पोलिसांच्या बाजूने' अशा दोनच खुर्च्या मांडून बसलेल्या आमच्या ग्रुपला नूर कुठे बसवावा ते कळेना. म्हणून त्याच्यावर कुणी काही लिहिलंच नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी सकाळी सात वाजता निघाले. चोवीस मजल्यांचे दोन जुळे मनोरे, मध्ये काचेचा उंच चौक. एप्रिलमध्ये इथे काँक्रीटचे अडथळे, काटेरी तारा आणि नॅशनल गार्डचे जवान होते. आता चौकात लोक कॉफी पीत होते. आठवडाभर आधी मिनियापोलिस शहराने पोलिस खातं बदलून नवं सुरक्षा खातं आणायचा प्रस्ताव सुमारे ५६ टक्के मतांनी फेटाळला होता. आम्ही उपनगरातले, आम्हाला त्यात मत नव्हतं. मतं मात्र भरपूर होती.

पहिला दिवस नुसता बसण्यात गेला. मास्क लावून, अंतर ठेवून, पुस्तकं आणि फोन घेऊन माणसं बसलेली. सरकारी दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसं. दुसऱ्या दिवशी दुपारी वीसेक जणांना नावाने पुकारून वर नेलं. नंतर नाव गेलं, नंबर आला. मी नऊ.

खटला किरकोळ होता. खून नाही, बातमी नाही. उपनगरातला एक पोलिस, रात्रीची वेळ, रद्द झालेल्या लायसन्सवर गाडी चालवणारा विशीतला काळा मुलगा. दोन आरोप: लायसन्स रद्द झालेलं असताना गाडी चालवणं, आणि बळाचा वापर करून पोलिसाच्या कामात अडथळा आणणं. अशा छोट्या गुन्ह्यांना इथे बारा नाही, सहाच जण बसतात. मुलाने कोट घातला होता, बाह्या हातभर लांब. बहुधा मोठ्या भावाचा.

मग प्रश्न सुरू झाले. आधी न्यायाधीश, मग दोन्हीकडचे वकील. शॉविनच्या वेळी ज्युरीला भलीमोठी प्रश्नावली आधीच घरी पाठवली होती. इथे सगळं तोंडी, अनोळखी माणसांसमोर. "पोलिसाच्या साक्षीवर तुम्ही इतरांपेक्षा जास्त विश्वास ठेवाल का? कमी ठेवाल का?" हा प्रश्न मी वर्षभर वेगवेगळ्या रूपांत ऐकला होता, त्यावर घरात आवाज चढले होते. पण 'तुमचं उत्तर काय?' असं मला कुणी सरळ विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सारखाच ठेवेन." बोलताक्षणी वाटलं, हे खरं आहे का?

सरकारी वकील तरुण होती, हसरी. तिने विचारलं, पोलिसांशी कधी संबंध आला का? मी सांगितलं, एकदा. हायवेवर वेगात होते. त्याने थांबवलं, मुलगी मागे झोपली होती ती बघितली, ताकीद दिली आणि गाडी जपून चालवा म्हणाला. वकीलबाईने मान डोलावून काहीतरी लिहून घेतलं.

माझ्या शेजारी चार नंबर होता. पन्नाशीचा काळा माणूस, शाळेची बस चालवणारा. त्याला तोच प्रश्न. तो म्हणाला, मोजायचं कुठून? सोळाव्या वर्षापासून धरलं तर वीसेक वेळा थांबवलंय. दंड दोनदा झाला, दोन्ही माझ्या चुकीने. बाकी वेळा सोडून दिलं. आवाजात राग नव्हता, रस्त्यावरचे खड्डे सांगावेत तसं सांगत होता. "तरी तुम्ही निःपक्षपाती राहू शकाल?" "मी रोज साठ पोरं शाळेत नेतो मॅडम. निःपक्षपाती राहिलो नाही तर बस पोचणार नाही." लोक हसले. न्यायाधीशही.

त्यानंतर वकिलांनी एक कागद एकमेकांकडे मुकाट्याने फिरवला, कुणाला वगळायचं त्याच्या खुणा करत. कारण सांगावं लागत नाही. वंशावरून वगळायला सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच बंदी घातली आहे, पण 'या माणसाचा पोलिसांचा अनुभव वाईट आहे' हे कारण चालतं. शॉविनच्या ज्युरीतूनही फ्लॉइड मेला त्या भागाची माहिती असलेला एक काळा माणूस असाच, त्याने आपले अनुभव सांगितल्यावर, वगळला गेला होता. तेव्हा वगळणारा बचाव पक्ष होता.

चार नंबर घरी गेला. नऊ नंबर राहिली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि मुलाच्या चिंतेने नव्हे. वीस वेळा थांबवलेला माणूस पूर्वग्रहाचा, आणि एकदा थांबवून कौतुकाने सोडलेली बाई कोऱ्या पाटीची? माझ्या पाटीवर तर त्या पोलिसाने स्वतःच्या हस्ताक्षरात 'जपून जा' लिहिलं होतं. नवरा म्हणाला, जपून बोल, शॉविनच्या एका ज्युरी सदस्याचा मोर्चातला फोटो निघाला आणि त्यावरून फेरखटल्याची मागणी झाली. ती फेटाळली गेली, पण तोवर त्या माणसाचं जगणं मुश्किल झालं असेल. आणि आपल्याला काय होणार, असं म्हणूनही चालत नाही, तो म्हणाला. २०१५ मध्ये अलाबामात गुजराती आजोबा रस्त्यावर फिरत होते. शेजाऱ्याने फोन करून 'एक हडकुळा काळा माणूस' असं सांगितलं, आणि पोलिसाने आजोबांना असं आपटलं की ते लुळे पडले. त्याच्यावरच्या खटल्यात ज्युरीचं दोनदा एकमत झालं नाही. शेवटी न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे एकमुखी होते. कुणी आंब्याचं नाव काढलं नाही.

साक्षी दीड दिवसात संपल्या. पोलिस अधिकारी नीटनेटका, उत्तरं मोजकी. त्याचा अहवाल वाचून दाखवला: आरोपीने हात हिसडला, खांद्याने धक्का दिला, म्हणून जमिनीवर घ्यावं लागलं. मग बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण. इथे एक गोष्ट जवळून सांगते, कारण बातम्यांत ती कळत नाही. कॅमेरा छातीवर असतो. माणसं जवळ आली की त्यात काहीच दिसत नाही. गाडीचं दार, मुलाचा हात, "सर, मी फोन ठेवतोय" हे शब्द, आणि मग अकरा सेकंद काळं कापड. मुलाच्या जॅकेटची चेन एकदा चमकते. आवाज येतात: श्वास, "हात मागे घे," "घेतोय, घेतोय," पुन्हा श्वास. मग आडवं आकाश आणि दिव्याचा खांब.

चर्चेच्या खोलीत आम्ही ती अकरा सेकंद किती वेळा बघितली ते मोजलं नाही. सहा जण: तीन गोरे, आग्नेय आशियातल्या ह्मोंग समाजाची एक नर्स, एक मेक्सिकन आडनावाचा सुतार आणि मी. गोऱ्यांतल्या वयस्कर गृहस्थांचा पुतण्या पोलिसात होता. त्यांनी ते आधीच सांगितलं होतं, तरी राहिले होते. मला वाटलं, भांडण त्यांच्याशी होणार. ते म्हणाले, "मला धक्का ऐकू येत नाही. तुम्हाला येतो का?" नर्स म्हणाली, अहवालात लिहिलंय ना. ती खोटं बोलत नव्हती, चुकीचंही नाही. अहवालात होतंच. मीही पहिल्या दिवशी अहवाल ऐकताना चित्र डोळ्यांपुढे उभं केलं होतं आणि नंतर कापडाच्या काळोखात तेच बघत होते.

तेव्हा मला २०२० मधलं ते पत्रक आठवलं. फ्लॉइड गेला त्या रात्री मिनियापोलिस पोलिसांनी काढलेलं. मथळा साधारण असा, की पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय घटना होऊन पुरुषाचा मृत्यू. गुडघ्याचा उल्लेख नाही. त्यातलं एकेक वाक्य कायद्याच्या भाषेत नीट बसणारं. डार्नेला फ्रेझियर ही सतरा वर्षांची मुलगी अडतिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर फोन धरून उभी राहिली नसती, तर साडेनऊ मिनिटांचं ते दृश्य त्या एका ओळीत मावलं असतं आणि आम्ही वाचून पान उलटलं असतं. हे मी खोलीत बोलले नाही. दुसऱ्या खटल्याचा विचार इथे आणायचा नाही, असं न्यायाधीशांनी बजावलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मी एवढंच म्हटलं, "अहवाल बाजूला ठेवून एकदा बघूया. नुसतं ऐकूया." वयस्कर गृहस्थांनी दिवा बंद केला.

लायसन्सच्या आरोपात दोषी. अडथळ्याच्या आरोपात निर्दोष. सुतार शेवटपर्यंत अडून होता, मुलगा दोन्हीत सुटावा म्हणून. त्याला आम्ही कलम दोनदा वाचून दाखवलं. पोलिस खोटं बोलला असं आम्ही म्हटलं नाही, तो प्रश्नच आमच्यापुढे नव्हता. सरकारला शंकेपलीकडे सिद्ध करता आलं नाही, एवढंच. निकाल वाचल्यावर प्रत्येकाला विचारलं, हा तुमचा निकाल आहे का? "हो," मी म्हटलं. मुलगा टेबलाकडे बघत होता. पोलिस तेव्हा तिथे नव्हता, पुढच्या ड्यूटीवर असावा.

त्याच इमारतीत पंधरा-वीस दिवसांनी किम पॉटर या पोलीस बाईचा खटला सुरू झाला. विजेचा झटका देणाऱ्या टेझरऐवजी पिस्तूल ओढून डाँटे राइट नावाच्या वीस वर्षांच्या काळ्या मुलाला मारल्याचा. तो मेला तेव्हा शॉविनचा खटला अजून चालू होता. ग्रुप पुन्हा जागा झाला. मी ज्युरीत बसून आले म्हणून लोक माझं मत विचारायला लागले, जणू मला आतली बातमी आहे. कुणीतरी म्हणालं, इथले काळे उगाच पोलिसांवर घसरतात, आपल्याकडे बघा. मी विचारलं, आपल्याकडे काय बघू? मुंबईतल्या लखनभैयाच्या बनावट चकमकीबद्दल २०१३ मध्ये १३ पोलिसांना जन्मठेप झाली, तेव्हा आपण किती चर्चा केली होती? चकमकींच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचायचो. उत्तर आलं नाही. दुपारी कुणीतरी उंधियोची ऑर्डर विचारली.

बाबांना फोन केला तो दिवाळी उलटून गेल्यावर. सगळं सांगितलं, अकरा सेकंदांसकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझं पंचाचं तुला कधी सांगितलं नाही."

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. बाबा तेव्हा तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षक. बाजारपेठेत दुकान फुटलं. चोरी झाली की गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालांवर धाड पडायची, तशी पडली. संध्याकाळी ओळखीचा हवालदार सायकलवरून घरी आला. गुरुजी, एक सही पाहिजे, प्रतिष्ठित माणूस लागतो. पंचनामा आधीच लिहून तयार होता: अमुक ठिकाणी, आमच्या समक्ष, आरोपीने लपवलेला माल काढून दिला. बाबा तिथे गेलेच नव्हते. आईने हवालदाराला चहा केला. बाबांनी सही केली. कोर्टातून बोलावणं कधी आलं नाही, पुढे काय झालं ते कळलं नाही.

"त्याच्यावर विश्वास होता म्हणून केली," बाबा म्हणाले. "चांगला माणूस होता गं तो. तुम्हाला बोरं आणून द्यायचा."

मला ती बोरं आठवत होती. कागदाच्या पुड्यातली, मीठ लावलेली.

"आणि तो पारधी? त्याचं नाव काय होतं, बाबा?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला.

"पंचनाम्यात होतं," ते म्हणाले. "मी वाचलं नव्हतं."